सोड्याच्या बातमीतले ‘समजते’

मन्मथ,

हा लेख सूड घेण्यासाठी लिहिला आहे. ते आधीच नोंदवतो, म्हणजे शेवटी कुणाला फसवल्यासारखे वाटायला नको. तुझे वय, तुझ्या मागे कोण आहे, अंत्यविधीला कोण कोण हजर होते, हे सगळे छापून झाले आहे. त्यात दोन चुका आहेत. वय तीन वर्षांनी कमी लागले आहे, आणि सोडा करणाऱ्या माणसाला ‘शीतपेयांचे व्यापारी’ म्हटले आहे. पहिली चूक तुला आवडली असती. दुसरीसाठी तू सकाळी सात वाजता मला फोन केला असतास.

आपले भांडण एका शब्दावरून होते आणि ते अर्धवट राहिले. शब्द आहे ‘समजते’. माहिती कुणी दिली हे सांगायचे नसते तेव्हा आम्ही वार्ताहर वाक्याच्या शेवटी ‘असे समजते’ लिहितो. मी तीस वर्षे लिहिले. मंत्र्यांनी त्यावर आक्षेप घेतला नाही, पोलिसांनी घेतला नाही, वाचकांच्या तर तो नजरेतही आला नाही. तू एकट्याने विचारलेस, “कुणाला समजतं?”

सुरुवात माझ्या घरातून झाली, हेही लिहायला हवे. माझ्या मुलीने पुण्याहून घरी सोडा करायचे यंत्र पाठवले. पाण्याची बाटली अडकवायची, बटण दाबायचे, मागे बसवलेल्या हातभर टाकीतला गॅस पाण्यात उतरतो. दीड महिन्यात टाकी संपली. रिकामी टाकी द्यायची आणि भरलेली बदलून घ्यायची, असा कंपनीचा नियम होता. बदलीची किंमत ऐकल्यावर मी ते यंत्र माळ्यावर टाकणार होतो. त्याआधी केजहून युसूफ वडगावला बाजाराच्या दिवशी येणे झाले, म्हणून टाकी पिशवीत घालून तुझ्या दुकानात आणली. तू ती हातात फिरवलीस आणि मानेवर कोरलेले आकडे वाचलेस.

“ह्या पिल्लात चारशे ग्रॅम मावतंय. बदलायला किती म्हनला?”

मी सांगितले. तू भिंतीला साखळीने बांधलेल्या मोठ्या टाकीकडे हात केलास. “तेवढ्या पैशात ही आई सगळ्या बाजाराला पाजती, बे.”

मोठी टाकी आई आणि लहान टाकी पिल्लू, ही तुझ्या दुकानातली भाषा होती. पुढच्या आठवड्यात तू केजच्या लेथवरून एक पितळी जोड करून आणलास, एका तोंडाला आईचे आटे, दुसऱ्या तोंडाला पिल्लाचे. तो बसला नाही. दुसरा केलास. तोही गळत होता, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे दाखवून तू मला गळती दाखवलीस. तिसरा बसला.

तुझी पद्धत मी इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटून सांगू शकतो. पिल्लू आधी पूर्ण रिकामे करायचे आणि काट्यावर ठेवायचे. रिकामे वजन पांढऱ्या ऑइलपेंटने त्याच्या मानेवर लिहायचे. माझ्या टाकीचे सातशे अठ्ठावन्न होते. मग तासभर बर्फाच्या पेटीत. आई लाकडी घोडीवर उलटी टांगलेली, कारण आत गॅस पातळ होऊन खाली बसतो आणि तोच उतरवायचा असतो. चावी पाव फेरा. नळीतून बारीक आवाज. आवाज थांबला की चावी बंद, आणि पुन्हा काटा. चारशेच्या वर पाच ग्रॅम जरी गेले तरी तू दुकानामागे उघड्यावर जाऊन ते सोडून द्यायचास.

“राहू दे की. फुकट चाललाय,” मी एकदा म्हणालो.

“पाच ग्रॅमच्या लोभानं टाकी फुटली तर माझी बातमी तुला लिहावी लागल. अन् तू चुकीची लिहिशील.”

लोक हसले. मीही हसलो. बदलीच्या पैशांत चार वेळा टाकी भरून मिळत होती, आणि भरणारा माणूस ग्रॅमला पक्का होता. वर्षभरात केजचे दोन डॉक्टर, बँकेचे मॅनेजर आणि शाळेतल्या तीन बाई पिशवीत पिल्लू घालून वडगावला येऊ लागले. मॅनेजरसाहेब तुझ्या बाकड्यावर बसून गोटी सोडा पीत आणि पिल्लू थंड होण्याची वाट पाहत. तू त्यांना म्हणायचास, “साहेब, घरी मशीन हाय तर हितं सोडा कावून पिताय?” ते म्हणायचे, “तिथं ढेकर येते, गप्पा येत नाहीत.”

आई भरून आणायचे काम रशीदभाईंचे. दर पंधरा दिवसांनी लातूरहून त्यांचा टेंपो यायचा. दोन वेळा हॉर्न, मग खिडकीतून एकच विनोद: “आप्पा, आई आई.” त्यांच्या भाषेतली आई आणि तुझ्या भाषेतली आई. बारा वर्षे तो विनोद चालला आणि बारा वर्षे तू हसलास. मी तो शिळा झाला असे म्हणालो तेव्हा तू म्हणालास, “रोज तोच सूर्य उगवतो. त्याची बातमी तू देत न्हाईस, म्हनून काय तो शिळा होतो व्हय?”

आता शिवराज. तुझ्या थोरल्या भावाचा मुलगा. वडील गेल्यावर तो तुझ्याकडे आला, तुझ्या घरात वाढला. तुला मूल नव्हते. त्याने शिकून अंबाजोगाईला दुकान टाकले आणि त्याच घरगुती सोडा यंत्रांची एजन्सी घेतली. यंत्रे खपली. टाक्या बदलायला मात्र कुणी येईना, कारण त्या टाक्या तुझ्याकडे येत होत्या. तो बोलायला आला त्या दिवशी मी तुझ्या बाकड्यावर होतो.

“आप्पा, भरणं बंद करा तुमी. मशीनमधी काई सुटत न्हाई. सगळी कमाई टाकी बदलण्यात हाय.”

“मशीन तू विक. गॅस मी भरतो.”

“मंग मी काय खाऊ?”

“रिकाम्या टाकीवर कमाई करायचा धंदा असल तर धंदा बदल, शिवा.”

मी हसलो. शिवराजने माझ्याकडे पाहिले. त्या हसण्याची किंमत पुढे तू दिलीस.

त्याच आठवड्यात तू माझीही खोड काढली होतीस. दुकानात सात-आठ माणसे होती. माझ्या एका बातमीवर बोलणे चालले होते. तू गोटी दाबत म्हणालास, “ह्याची बातमी म्हंजे उघडी बाटली. घरी नेईपर्यंत गॅस उडालेला.” सगळे हसले. मी बिल न देता उठलो. मी रागावल्याचे तुझ्या लक्षात आले नाही, कारण मी नेहमीच बिल न देता उठायचो.

चार दिवसांनी शिवराज केजला माझ्या कार्यालयात आला. त्याला एक माहिती द्यायची होती आणि त्याचे नाव कुठेही येता कामा नये, असे तो म्हणाला. मी शब्द दिला. जिल्हा पानावर डाव्या कोपऱ्यात खाली जागा रिकामी होती. बातमी तीन वाक्यांची झाली:

‘युसूफ वडगाव येथील एका सोडा विक्रेत्याकडून घरगुती सोडा यंत्रांच्या टाक्यांमध्ये वेल्डिंगसाठी वापरला जाणारा गॅस भरला जात असल्याचे समजते. अशी एक टाकी काही दिवसांपूर्वी दुकानात उतरवण्यात आली होती. यामुळे नागरिकांच्या आरोग्याचा प्रश्न निर्माण झाला आहे.’

दुसरे वाक्य खरे होते, म्हणून पहिले खरे वाटले. उन्हाळ्यात गॅसची टंचाई होती तेव्हा रशीदभाईंनी एका वेल्डिंगवाल्याकडची टाकी आणली होती. तू तिच्यावरची पट्टी वाचलीस आणि म्हणालास, “हा लोखंडाचा गॅस हाय. माणसाच्या पोटात जायचा न्हाई.” न उघडता ती परत टेंपोत चढली. चढवायला शिवराजनेच खालून हात लावला होता. ‘परत पाठवली’ एवढे दोन शब्द बातमीत नव्हते, कारण शिवराजने ते सांगितले नाहीत आणि मी विचारले नाही. तुझा नंबर मला पाठ होता. माहिती देणाऱ्याला तिच्यातून काय मिळणार आहे, हे आधी बघायचे, असे मी नव्या वार्ताहरांना शिकवत असे. त्या दिवशी मी घड्याळ पाहिले, रिकामी जागा पाहिली आणि मला उघड्या बाटलीचा विनोद आठवला. बातमीत एक क्रियापद घालून मी ती संभाजीनगरच्या छपाईच्या वेळेत पाठवून दिली.

तू एसटीने आलास. हातात तो अंक होता, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत माझीच भरलेली टाकी. ती टेबलावर ठेवलीस.

“कुणाला समजतं?”

मी म्हणालो की माहिती देणाऱ्याचे नाव सांगता येत नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे.

“माझा बी धंदा हाय. बाटलीत काय हाय ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. तुझ्या धंद्यात लपवावं लागतं व्हय?”

मी नियम पुन्हा सांगितला. तू बोटे मोजलीस. “ती टाकी उतरली हे तिघांलाच ठावं. एक मी. दुसरा रशीद. शिवा तर घरचा.” मग स्वतःच म्हणालास, “रशीद असं कावून करल?”

मी चहा सांगितला.

या लेखातले सर्वांत जड वाक्य तेच आहे. तू आयुष्यभर ग्रॅम मोजलेस, पण घरच्या माणसाला मोजणीतून वगळलेस. ते चुकते आहे हे समोर बसून दिसत होते, आणि मी चहा सांगितला. पुढच्या पंधरवड्यात टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा तू आतून बाहेर आला नाहीस. रशीदभाई दुकानात आले. तू म्हणालास, “उद्यापासून येऊ नका.” त्यांनी दोनदा विचारले, “आप्पा, क्या हुआ? माझं काई चुकलं का?” तू बाटल्या विसळत राहिलास. हे मला तुझ्या घरी जेवताना वहिनींनी सांगितले. त्यांनी ते सांगत असताना भाकरी थापायचे थांबवले नाही, आणि मीही खात राहिलो.

तपासणीचे लोक येऊन नमुना घेऊन गेले. काही महिन्यांनी अहवाल आला: दोष आढळला नाही. तू तो प्लास्टिकमध्ये घालून कपिलधार देवस्थानाच्या फोटोखाली टांगलास. तुला पैसे नको होते, माफी नको होती. “त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात छाप,” एवढेच मागितलेस. मी तीन वेळा लिहून पाठवले. वरून उत्तर आले की सोडा चांगला निघाला, ही बातमी कशी होईल. तिसऱ्यांदा मी वाद घातला नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते.

डॉक्टर यायचे बंद झाले. मॅनेजरसाहेबांची बदली झाली आणि नवे आलेच नाहीत. शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या की दुसरीकडे पाहत. टाक्या सगळ्या अंबाजोगाईला जाऊ लागल्या. तू गोटी सोडा चालू ठेवलास, पण पितळी जोड कापडात गुंडाळून गल्ल्यात गेला.

बातमीनंतरच्या पाच वर्षांत तू एकच पिल्लू भरलेस. माझे.

हे का केलेस, ते मला आजही नीट कळलेले नाही. मी पिशवी ठेवायचो. तू गल्ल्यातून जोड काढायचास. बर्फ, घोडी, चावी, काटा. सगळे झाल्यावर टाकी माझ्या हातात देण्याआधी तू विचारायचास, “नाव?” मी मान हलवायचो. तू काट्याकडे पाहून म्हणायचास, “चारशे.” पैसे घ्यायचास आणि टाकी द्यायचास. दर दीड महिन्याला एकदा, न चुकता. घरचा सोडा महाग पडत नाही असा तालुक्यात मी एकटाच उरलो होतो. शेवटच्या वेळी चावी तू दोन्ही हातांनी फिरवलीस. तू नाव विचारलेस. मी मान हलवली. तू म्हणालास, “तीनशे अठ्ठ्याण्णव. दोन कमी हायत. भरू का?” मी म्हणालो, राहू दे. तीन आठवड्यांनी तू गेलास.

अचूकपणा म्हणजे काय ते मी संपादकांकडून शिकलो असे सांगत आलो आहे. ते चूक आहे. दोन ग्रॅम कमी आहेत, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगणारा माणूस मी एकच पाहिला.

तुला शेतात समाधीत बसवले त्या दिवशी स्वामींनी सांगितले तसे सगळे झाले. विभूती, बेल, मूठ मूठ माती. पुढे शिवराज होता. नंतर तो बोलला. “आप्पांनी मला शुद्धता शिकवली,” असे वाक्य त्याने दोनदा वापरले आणि दुसऱ्या वेळी त्याला हुंदका आला. रशीदभाई बांधाच्या पलीकडे रस्त्यावर टेंपोला टेकून उभे होते. कुणी त्यांना आत बोलावले नाही. सगळे निघाल्यावर ते आले, चप्पल बाजूला काढली, माती टाकली. मी जवळ गेलो.

“रशीदभाई, ती माहिती तुम्ही दिली नव्हती. मला माहीत आहे. बातमी मी लिहिली होती.”

त्यांनी हातावरची माती झटकली. “तुमाला माहीत होतं?”

“हो.”

“पाच साल?”

“हो.”

“आप्पाला सांगायचं होतं की, साहेब. मला सांगून काय करू मी आता?”

त्यांनी नाव विचारले नाही.

चौथ्या दिवशी अंकात जाहिरात आली. जिल्हा पान, खालचा डावा कोपरा. ‘शुद्धतेचा ध्यास घेतलेले आमचे आप्पा’. तुझा फोटो टपाल तिकिटाएवढा, त्याखाली शिवराजचा पोस्टकार्डाएवढा, त्याखाली दुकानाचे नाव, ‘सोडा टाक्या बदलून मिळतील’ आणि ठळक आकड्यांत फोन नंबर. ज्या कोपऱ्यात त्याने तुझी बातमी लावली, त्याच कोपऱ्यात तो तुझ्या नावावर टाक्या विकत होता. त्या सकाळी मी ठरवले.

वर्तमानपत्र दुरुस्ती छापत नसले तरी श्रद्धांजलीची जाहिरात छापते. पैसे भरले की ती कुणी वाचून पाहत नाही. मी त्याच कोपऱ्याची, तेवढ्याच मापाची जागा घेतली, तुझ्या दिवसकार्याच्या, म्हणजे शिवगणाराधनेच्या दिवसासाठी. मजकूर तयार केला आणि आदल्या दिवशी दुपारी घेऊन तुझ्या घरी आलो. शिवराज घरी असेल अशी वेळ मी निवडली होती. तो ओसरीवर जेवणाची यादी करत बसला होता. वहिनी गोटीच्या बाटल्यांच्या गळ्यातली जुनी रबरी कडी काढून नवी बसवत होत्या. दुकान पुन्हा उघडायचे, एवढे त्यांचे ठरले होते.

“वहिनी, उद्याच्या अंकात हे द्यायचे आहे. एकदा ऐका.” मी वाचले:

“‘पाच वर्षांपूर्वी याच जागी मन्मथआप्पांविषयी एक बातमी आली होती. बातमीतली टाकी त्यांनी त्याच दिवशी न उघडता परत पाठवली होती. तपासणीत त्यांच्या गॅसमध्ये दोष आढळला नाही. टाकी आणणारे रशीदभाई यांचा त्या बातमीशी संबंध नव्हता. बातमी मी लिहिली आणि आप्पांना न विचारता लिहिली. मला ती माहिती’”

आणि मी थांबलो. कागदावर पुढे बोटभर जागा कोरी होती. त्यानंतर ‘याने दिली’ एवढेच होते. मी कुणाकडेही पाहिले नाही. हे मी ठरवून केले.

शिवराज म्हणाला, “काका, तुमी शब्द दिलता.”

वहिनींच्या हातातली कडी बाटलीच्या तोंडावर अर्धी बसली होती. ती त्यांनी पूर्ण बसवली, बाटली खाली ठेवली आणि मग विचारले, “कसला शब्द?”

“तसं न्हाई, काकू.”

“कसला शब्द दिलता ह्यांनी तुला?”

तो माझ्याकडे वळला. मी नाव घेतले नव्हते. माझा शब्द शाबूत होता.

“धंद्याचं होतं काकू. आप्पांनी ऐकलं असतं तर मी कावून...”

“रशीदला पाच वर्सं ह्या दारात येऊ दिलं न्हाई आमी,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “ईदला त्यानं शीरखुर्म्याचा डबा पाठीवला, तुझ्या चुलत्यानं तो तसाच माघारी लावला. तू हितंच बसून जेवत होतास, शिवा. वाढून मागत होतास.” मग माझ्याकडे वळल्या. “पेन हाय का, भावजी?”

त्यांनी कागद बाटल्यांच्या खोक्यावर ठेवला आणि कोऱ्या जागेत नाव लिहिले. खोक्यांवर बाटल्यांचा हिशेब लिहायचे त्यांचे अक्षर तुला माहीत आहे, मोठे आणि डावीकडे कललेले. ‘शिवराज’. वेलांटी नंतर आठवली, ती वरून दिली.

“असंच छापा. ह्याच अक्षरात.”

शिवराज उठला. “उद्याचं कार्य मंग कोण करल?”

“स्वामी हायत करायला. तू जेवायला ये. रशीदला बी सांगावा धाडते मी. त्याच्या शेजारी बसायचं.”

जाहिरात आली. छापील ओळींत एकच शब्द हाताने लिहिलेला होता, त्यामुळे पान उलटणाऱ्याची नजर आधी त्याच शब्दावर जात होती. अंकाच्या शंभर प्रती मी विकत घेऊन वडगावच्या आणि अंबाजोगाईच्या बसस्थानकावर ठेवल्या. हे आवश्यक नव्हते. मी केले.

शिवराज जेवायला आला. न येणे त्याला परवडणारे नव्हते. सगळे गाव पंगतीत होते आणि प्रत्येकाने पेपर वाचला होता. तो रशीदभाईंच्या शेजारी बसला. रशीदभाईंनी स्वतःच्या पानात वाढून घेण्याआधी त्याच्या पानात भाजी वाढली. मी समोरच्या पंगतीत होतो. त्याने किती घास खाल्ले ते मी मोजले. सहा.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोर दोन वेळा हॉर्न वाजला. वहिनी बाहेर आल्या. रशीदभाईंनी खिडकीतून डोके काढले. “काकी, आई आई.” वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी टेंपोची मागची फळी स्वतः खाली पाडली.

केजचे दोन्ही डॉक्टर आले. धाकटे ओशाळल्यासारखे उभे होते. वहिनींनी त्यांचे पिल्लू काट्यावर ठेवले आणि मानेवरचा तुझा आकडा पुसट झाला होता तो नव्या रंगाने गिरवला. शाळेतल्या बाईंपैकी दोघी आल्या. अंबाजोगाईच्या दुकानात आता पंखे आणि कूलर विकायला ठेवले आहेत, असे मला समजले. कुणाकडून, ते सांगतो: मी स्वतः जाऊन रस्त्याच्या पलीकडून पाहिले. दोनदा.

तू विचारले होतेस, कुणाला समजतं. आता सगळ्यांना समजते, मन्मथ. फक्त विचारणारा नाही.

परवा मी माझी टाकी घेऊन गेलो. वहिनींनी पितळी जोड काढला, पिल्लू बर्फात ठेवले, तासाभराने काढले, भरले, वजन केले. मी पैसे पुढे केले. त्या ते घेईनात.

“चारशे हायत, भावजी. ह्या टाकीचे पैसे नगं. ही त्यांची शेवटची समजा.”

“म्हणजे?”

“दर बारीला ते तुमाला नाव विचारायचे. आतून मला ऐकू यायचं. तुमी सांगत नव्हते, अन् टाकी भरून नेत होते.” त्यांनी जोड कापडात गुंडाळला. “शिवाचं नाव मी लिवलं. तुमचं तुमी लिवलंय. दोघांचा बी हिसाब सारखाच ऱ्हायला पायजे. पुढच्या बारीला दुसरीकडं भरा.”

मी आक्षेप घेतला नाही. घेण्यासारखा नव्हता.

दुसरीकडे म्हणजे अंबाजोगाई. तिथे मी जाणार नाही, आणि शिवराज मला देणारही नाही. टाकी अजून भरलेली आहे. यंत्राला जोडलेली नाही. ती माझ्या टेबलावर आहे, मानेवर तुझ्या हाताने लिहिलेले सातशे अठ्ठावन्न. सकाळी मी तिचे वजन केले. अकराशे अठ्ठावन्न भरले. चारशे बरोबर आहेत.

मी सध्या साधे पाणी पितो.